टायरची हवा जाते, पंक्चर मात्र सापडत नाही: इंदूरमधल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

राखीनंतरचा सोमवार होता. म्हणजे इथला सावन संपलेला, आपला श्रावण चालू, आणि त्यामुळे ओंकारेश्वरला गर्दी जरा कमी. परतताना सिमरोल ओलांडल्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात गाडीचं पुढचं डावं चाक आदळलं. दणका असा की सासूबाईंच्या मांडीवरचा प्रसादाचा डबा खाली गेला. गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर टायर शाबूत आणि अलॉयवर (अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर) ओरखडासुद्धा नाही. देवाची कृपा म्हणून घरी आलो.

पुढच्या सोमवारी तेच चाक बसलेलं. हवा भरली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तीन आठवड्यांत तीन पंक्चरवाले झाले. पहिला म्हणाला, "पंचर नी है दीदी, हवा भरवाते रो." दुसऱ्याने नवा वॉल (हवा भरायची नळी) बसवला. तिसऱ्याला पंक्चर 'सापडलं', त्याने टोच्या घालून दोरी भरली आणि पैसे घेतले. पुढे टायर रिमवरून उतरवणाऱ्या कारागिराला मी ती दोरी दाखवली, तर तो नुसता हसला. खरा दोष रिमच्या आतल्या कडेला होता. गाडी उभी असताना ती बाजू कुणाला दिसतच नाही.

तेव्हा मला गाडी चालवायला लागून चार महिने झाले होते. तुम्हीही नुकतीच गाडी घेतली असेल, तर एवढं धरून चाला: हवा नेमकी कुठून जाते हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुणालाही दुरुस्तीचे पैसे द्यायचे नाहीत. बाकी सगळं त्यामागून येतं.

गाडीत काय असू द्यावं

जॅक, पाना, स्टेपनी, लाल त्रिकोण आणि टो हूक गाडीसोबत मिळालेले असतात. ते डिकीच्या तळाशी खरंच आहेत ना ते आज बघून घ्या. वरून स्वतःची हवा मोजायची गेज, सिगारेट लायटरच्या खोबणीवर चालणारा छोटा पंप, टॉर्च, जुने हातमोजे, आणि चाकामागे लावायला अर्धी वीट. चाक चोरीला जाऊ नये म्हणून काही अलॉयना एक नट वेगळ्या आकाराचा असतो आणि त्याची छोटी चावी असते. ती हरवली की भर रस्त्यात काही करता येत नाही. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाकडून ती चावी आठवणीने मागून घ्या.

२०२० पासूनच्या नियमांनुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. त्यामुळे काही नव्या गाड्यांच्या डिकीत चाकाऐवजी फेसाची बाटली आणि पंप निघतो. तो फेस छोट्या भोकासाठी असतो. वाकलेल्या रिमला त्याचा काही उपयोग नाही, आणि नंतर आतला चिकटा काढताना कारागीर तुमच्या नावाने बोटं मोडतो ते वेगळंच.

१. रस्त्यातच चाक बसलं तर

स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, फडफड असा आवाज यायला लागला, की जोरात ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करून सपाट जागेवर कडेला थांबा. बसलेल्या टायरवर गाडी चालवू नये, हे खरं. पण तुम्ही भेरूघाटाच्या वळणावर असाल तर टायर गेला खड्ड्यात. हळूहळू पुढे येऊन जिथून मागचा ट्रक तुम्हाला दुरून बघू शकेल तिथेच थांबा. इतरत्र मात्र 'समोरच तर दुकान आहे' म्हणून अर्धा किलोमीटर रेटू नका. रिकामा टायर रिमखाली चिरडला जातो आणि आतून झिजतो.

धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण सुमारे ५० मीटर मागे ठेवा, माणसं रस्त्याच्या बाहेर उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक, अपघात असेल तर ११२.

चाक बदलताना नवीन माणूस हमखास एक चूक करतो. आधी जॅक लावतो, मग नट सोडायला जातो, आणि चाक हवेत गरगर फिरतं. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करायचे. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट. मग जॅक. पाना हलत नसेल तर त्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाका. लाज वाटू देऊ नका, पंक्चरवालेही तेच करतात.

स्टेपनी बऱ्याचदा साध्या लोखंडी रिमची आणि आकाराने लहान असते. तिच्यावर वेगमर्यादेचा स्टिकर असतो, बहुतेकदा ताशी ८० किलोमीटरचा. तो शोभेसाठी लावलेला नाही. आणि हो, स्टेपनीतली हवा! माझ्या स्टेपनीत १४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघाली. वर्षभर कुणी बघितलीच नव्हती.

२. हवा मोजा आणि लिहून ठेवा

हवा जाते म्हणजे किती जाते? चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपसूक कमी होते. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड-दोन पीएसआय घटते. म्हणून जानेवारीतल्या सकाळी चारही चाकं थोडी थोडी कमी दाखवत असतील तर ती थंडी आहे, पंक्चर नव्हे. एकच चाक आठवड्यात पाच पीएसआय उतरत असेल तर मात्र गळती आहे.

मोजायची सकाळी, गाडी हलवण्याआधी. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तितकी भरू नका. पंपावरच्या पोराने "चालीस डाल दूँ?" विचारलं तरी नको म्हणायचं.

मी आकडे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिले, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी: ३३, ३१, ३०, २८. चौथ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "अगं, अठ्ठावीस लिटर दूध कुणी घेतलं?" हसू आलं, पण त्या चार आकड्यांनी मोठं काम केलं. चाक उभं असलं काय, चाललं काय, हवा रोज सारखीच उतरत होती. म्हणजे खिळा नसून कुठेतरी बारीक फट असणार, असा माझा अंदाज झाला.

३. साबणाचं पाणी, पाच जागी

मगभर पाण्यात भांड्यांचा साबण घोळा. टायरमध्ये हवा पूर्ण असायला हवी, बसलेल्या टायरवर काही दिसत नाही. मग या क्रमाने जा.

वॉलच्या तोंडावर थेंब टाका. पंक्चरवाले इथे बोटाने थुंकी लावतात, तत्त्व तेच. बुडबुडा फुगला तर वॉलची पिन सैल आहे किंवा गेली आहे. ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती. नंतर वॉल हाताने थोडा वाकवून त्याच्या बुडाशी पाणी ओता. रबर तडकलं असेल तर वाकवल्यावरच कळतं. मग टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, गाडी थोडी थोडी पुढे घेत, सगळा. मग टायरची बाहेरची भिंत आणि रिमची बाहेरची कड.

इथवर बहुतेक सगळे येतात, आणि थांबतात. पाचवी जागा म्हणजे रिमची आतली कड, आणि तिच्यासाठी चाक काढावंच लागतं. काढलेलं चाक अंगणात आडवं ठेवा, आतली बाजू वर. टायर आणि रिम जिथे भेटतात तिथे गोल खाच असते. ती साबणाच्या पाण्याने भरा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. खिळ्याच्या भोकातून टपोरे बुडबुडे येतात. इथे तसं होत नाही. माझ्या चाकाला एका जागी, चार बोटं लांबीत, ताक घुसळल्यावर कडेला जमतो तसा बारीक पांढरा फेस साचत गेला. त्यावर बोट फिरवलं तर रिमची गोलाई तिथे चपटी लागत होती. तीन आठवड्यांचं कोडं अंगणात दहा मिनिटांत सुटलं!

सापडलेल्या जागी खडूने खूण करा आणि फोटो काढा. टायरवर आणि रिमवर, दोन्हीकडे खूण हवी. टायर उतरवल्यावर दोन्ही खुणा वेगळ्या होतात, तेव्हा दोष कुणाचा ते कळतं.

४. पंक्चरवाल्याकडे काय बोलायचं

"हवा निकल रही है, देख लो" असं म्हटलंत की तो आपल्या सवयीने बघणार. त्याऐवजी सरळ सांगा: "भैया, रिम की अंदर वाली किनारी से लीक है, टायर उतार के दिखाओ." खडूची खूण दाखवा. बोलणं बदललं की वागणूक बदलते, हा माझा अनुभव आहे.

अलॉयवरचा टायर यंत्रावरच उतरवून घ्या. टॉमी (लोखंडी कांब) आणि हातोड्याने उतरवला तर रिमची कड खरवडते, आणि नवीन गळती तिथूनच सुरू होते. देवास नाक्याला किंवा ट्रान्सपोर्ट नगरला ट्रकची चाकं सोडवणारे लोक हाताने तरबेज असतात, पण अलॉयसाठी यंत्र असलेलं दुकान बघा. यंत्राच्या ज्या भागाला रिम टेकतो तिथे प्लॅस्टिकचं आवरण आहे का तेही बघा.

टायर उतरला की दोन गोष्टी स्वतः वाकून बघायच्या. रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे पांढरट भुकटी धरली आहे का? अ‍ॅल्युमिनियम असं गंजतं. ते तारेच्या ब्रशने साफ करून, सीलर लावून, टायर परत बसवला की बऱ्याच गळत्या तिथेच संपतात. रिम वाकलेला असेलच असं नाही. दुसरी गोष्ट, टायरच्या पोटात हात फिरवा. चहापत्तीसारखा काळा चुरा हाताला लागला, तर टायर कधीतरी हवेविना चालला आहे आणि त्याच्या भिंती आतून खरवडल्या आहेत. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसो, त्याच्यावर महामार्गावर जाऊ नका.

५. टायर वाचेल की जाईल

भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तर दुरुस्त होतं. बाहेरून भरलेली दोरी आपल्याकडे सर्रास चालते, पण नीट काम म्हणजे आतून चिकटवलेला मशरूम पॅच. भिंतीवरचं भोक दुरुस्त होत नाही. भिंतीला लिंबाएवढा फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. हवा जात नसली तरी तो टायर कधीही फुटू शकतो.

बदलायचाच असेल तर टायरवरचे आकडे उतरवून घ्या. १९५/६५ आर १५ ९१ एच म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १५ इंची, एका टायरची भार पेलण्याची क्षमता ६१५ किलो आणि वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. नवीन टायर घेताना 'डॉट' या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानदार "सब नया माल है" म्हणेल. आकडा वाचून दाखवला की आतून दुसरा टायर येतो. नवीन टायर जोडीने घ्या, एका आसाला दोन. खाचांमधल्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं असेल, म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं असेल, तर दुरुस्तीचा विचारच सोडा.

६. रिम: खरचटलं, वाकलं की तडकलं

*खरचटलं.* फुटपाथला घासलं, रंग गेला. हवा जात नसेल तर हा फक्त शोभेचा प्रश्न आहे. घासून रंग देतात. चेहरा चकाकता कापलेला असेल तर लेथवर पुन्हा कापावा लागतो, आणि दर वेळी थोडा धातू जात असल्याने हे दोन-तीनदाच करता येतं. मी तर ओरखडे तसेच ठेवले आहेत. पार्किंगच्या खांबाशी माझं नातं अजून तुटलेलं नाही.

*वाकलं.* बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक चढवायला सांगा आणि टायर न बघता रिमची कड बघा. फिरताना ती लाटेसारखी वर-खाली होते. आतल्या कडेचा थोडा वाक हायड्रॉलिक प्रेसवर हळूहळू दाबून काढतात. इथे सापळा असा, की काही ठिकाणी गॅसची ज्वाळा धरून, रिम तापवून हातोड्याने ठोकतात. कारखान्यात अलॉयला ठरावीक तापमानाला भाजून ताकद दिलेली असते. ज्वाळेने ती जाते. रिम गोल दिसतो, पण पुढच्या खड्ड्यात मऊ पडतो किंवा तडकतो. "प्रेस पे निकालोगे कि गरम करके?" हा प्रश्न विचारल्याशिवाय रिम हातात देऊ नका. माझं काम पोलोग्राउंडच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झालं. कारागिराने आधी सुईचा गेज लावून वाक मोजून दाखवला, प्रेस केल्यावर पुन्हा मोजला. असं मोजून दाखवणारा माणूस मिळाला तर पन्नास रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

*तडकलं.* केसाएवढी रेघ. धूळ आणि ब्रेकच्या काजळीखाली ती दिसत नाही, म्हणून आधी रिम धुऊन घ्या. शंका असेल तर तपासणीचा लाल रंग फवारतात, पुसतात आणि वर पांढरा थर देतात. तडा असेल तिथून लाल रेघ उमटते. आऱ्याच्या (स्पोकच्या) मुळाशी किंवा नटांच्या भोकांजवळ तडा असेल तर चर्चा संपली, रिम भंगारात. आतल्या कडेवरचा छोटा तडा वेल्डिंग करून देणारे भेटतात. मी करून घेणार नाही. चार माणसं बसवून मानपूरचा घाट उतरताना त्या वेल्डिंगची आठवण येत राहील.

७. दुसरा रिम घ्यायचा तर

रिमच्या मागच्या बाजूला आकडे कोरलेले असतात. १५ × ६ जे म्हणजे व्यास आणि रुंदी इंचांत. ईटी ४५ म्हणजे चाक आत-बाहेर किती बसतं त्याचं माप, मिलिमीटरमध्ये. ४ × १०० म्हणजे चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. शिवाय मधल्या भोकाचा व्यास. चारही मापं जुळली पाहिजेत. नटांची भोकं जुळली म्हणून "लग जाएगा" असं म्हणतील, पण ईटी चुकला तर टायर आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) किंवा बाहेर फेंडरला घासतो. मधलं भोक मोठं असेल तर भरायला कडी मिळते; लहान असेल तर रिम बसतच नाही.

जुना रिम घेत असाल तर तोही बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून बघूनच पैसे द्या. लोकांनी विकायला काढलेला रिम कशामुळे विकायला काढला, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

८. विम्याचा विचार

गाडीच्या सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान मिळत नाही. त्याच दणक्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, आणि तोही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. रिम हा धातूचा भाग, त्यामुळे त्यावर वयाप्रमाणे घसारा कापतात: गाडी चार ते पाच वर्षांची असेल तर ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के. वरून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यापुढे २००० रुपये खिशातून. टायर-रिमचं वेगळं कवच किंवा शून्य घसारा घेतला असेल तर गणित बदलतं. पॉलिसीचं शेवटचं पान वाचा.

नो क्लेम बोनसही, म्हणजे हप्त्यात मिळणारी सूट, विसरू नका. क्लेम न केल्यास तो २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. एका रिमसाठी मी क्लेम केला नाही. हिशेब मांडला तेव्हा बोनसच मोठा निघाला. आणि अलॉय तुम्ही बाजारातून बसवून घेतले असतील, पॉलिसीत नोंदवले नसतील, तर त्यांचं काही मिळण्याची आशा धरू नका.

क्लेम करायचाच असेल तर ही कागदपत्रं लागतात: गाडीचं आरसी, पॉलिसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, भरलेला क्लेम फॉर्म, वर्कशॉपचं एस्टिमेट, जागेवरचे आणि चाकाचे फोटो. विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही उघडू नका. आणि रिकाम्या टायरवर गाडी रेटली असेल तर त्याने वाढलेलं नुकसान कंपनी नाकारू शकते, म्हणून फोटो थांबल्या जागीच काढा.

९. परत बसवताना

टायर बसला की बॅलन्सिंग करून घ्याच. अलॉयला आतून चिकटणारी वजनं लावतात. कडेला ठोकून बसवायची वजनं लावायला लागले तर थांबवा, त्या ठोक्यातून कड खरवडते. खड्ड्यातला दणका मोठा असेल तर अलाइनमेंटही बघून घ्या.

नट आधी हाताने, मग तिरके तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. हवेच्या गनने एका दमात आवळले तर नट पुढच्या वेळी तुमच्याकडून सुटणार नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटर (नट किती जोराने आवळायचा त्याचं माप) लागतं; तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा आणि टॉर्क पाना आहे का ते विचारा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्यायचे. माझी ती वेळ महूला मावशीकडे जाऊन येताना आली. राऊला चहाला थांबलो, तेव्हा डिकीतला पाना काढून पाचही मिनिटं न घालवता चार नट बघून घेतले. एक पाव फेरा फिरला.

आता दिनदर्शिकेवर दर रविवारी एकच आकडा असतो, ३३. या महिन्यात एकदा ३२ आला, पण त्या सकाळी चारही चाकं ३२ होती.